घासाघीस

शून्य ते दहा, मी विचारते,
दुखणं आज कितीवर, द्वारकाबाय?
कल्ले उघडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे
चाळीस वर्षं दांडीवर जशी बघत आली
तशी ती माझ्याकडे बघते.
"तू किती लिवतस?"
सात.
"सात जास्ती झाले. पाच लिव."
पाचावर सौदा पटतो.
मी कागदावर पाच लिहिते, औषध सातचं देते.
ती ते ओळखून असते.

छातीतली गाठ मणक्यात उतरली
त्याला दीड वर्ष झालं.

मंगळवारी गेले तर घर गप्प.
सून शेवंता ओट्यावर जवळा निवडत होती.
"निवांत निजली हा कालपासून. कायएक तक्रार नाय.
वय झाला आता, सिस्टर."
शून्य ते दहा, मी विचारलं.
ओठ सुकलेले. पाणी मागितलं,
पेला तोंडाशी नेईपर्यंत विसरली.
"तू सांगशीत ता," म्हणाली.

नाडी ठीक. ताप नाही. ऑक्सिजन सत्त्याण्णव.
कागदावरचा एकही चौकोन ओरडला नाही.
पण बाई भाव करत नव्हती.

मिठबावचे लोके गुरुजी आठवले.
केमोनंतरचा आठवा दिवस, म्हणाले, "उत्तम आहे."
अंग गार होतं, मी ती चांगली बातमी समजले.
म्हाताऱ्या अंगात कधी कधी
ताप चढवण्याचंही बळ नसतं,
हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते.
त्या दिवशी उशी नीट केली आणि घरी गेले.
ती उशी अजून नीट होत नाही.

माडाखाली रेंज येते. फोन लावला.
डॉक्टर कासकर भला माणूस, ओपीडीत गळ्यापर्यंत:
"अठ्ठ्याहत्तर वय, हाडांत पसरलेला, सिस्टर.
झोपणारच. मॉर्फिन कमी करून बघा."
मॉर्फिन महिनाभर तेवढंच आहे, सर.
श्वास सोळा. बाहुल्या बारीक नाहीत.
चार दिवस पोट साफ नाही, तहान भागत नाही,
आणि
"आणि काय?"
याला काय म्हणतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं.
ती घासाघीस करत नाहीये, सर.

पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं.
मग: "कॅल्शियम बघू. रक्त पाठवा."

बाबीने माशांच्या पेटीतला बर्फ फोडला,
नळी डब्यात, डब्यावर ओलं गोणपाट,
डबा दुपारच्या ओरोस गाडीत, कंडक्टरच्या पायाशी.
डब्याला कोळंबीचा वास होता, लॅबवाला फोनवर कुरकुरला,
मग आकडा सांगितला. चौदा.

तीन रात्री सलाइन, एक इंजेक्शन, लघवीचं माप.
जुनी होडी, आणि काम उलटं:
पाणी उपसायचं नाही, भरायचं,
तेही बेतानं. तासातासाला
मी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होते.

शुक्रवारी पहाटे तिने डोळे उघडले.
बंदरावर लिलाव चालू होता, खिडकीतून ऐकू येत होता.
"कितक्याक गेलो गो बांगडो?"
ते मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडचा आकडा सांगितला,
तुमच्या रक्तातला, चौदा निघाला म्हटलं.
"चवदा? महाग लावलंस.
साडेधात दी, नायतर ऱ्हवांदे."

मी भिंतीकडे तोंड करून हसले,
आणि हसणं भलतीकडे वळायला लागलं
तेव्हा सलाइनची बाटली बदलली.
साडेदहाच्या आतच लागतो तो.

हाडांतलं काही कमी झालेलं नाही.
मला माहीत आहे, तिला माझ्याआधीपासून.
घरी सोडताना कागद भरला.
'इतर निरीक्षणे' याला दीड ओळ जागा असते.
लिहिलं: भाव करते.
ज्या दिवशी करणार नाही, त्या दिवशी फोन करा.
खाली माझा नंबर.

"रात्रीचोय करूक चलात?" शेवंताने विचारलं.
रात्रीसुद्धा, म्हटलं.
रिक्षातून आवाज आला,
"रात्रीचो भाव येगळो आसतलो गो तिचो.
आधी विचारून घे."